ज्ञानोपासक डॉ. भांडारकर

इ. स. १८५७ हे साल आपल्या इतिहासात उठावाचे साल म्हणून प्रसिद्ध आहे. उत्तर हिंदुस्थानात रणधुमाळी माजली, त्याच एका वर्षात कलकत्ता, मुंबई व मद्रास या तीन शहरांत विद्यापीठे स्थापन झाली. मुंबईचे विद्यापीठ १८ जुलै १८५७ रोजी कायद्याने अस्तित्वात आले. त्याला त्या वेळी स्वतःची इमारत नव्हती. आज मुंबईच्या किल्ल्यातून जाताना जो उंच राजाबाई मनोरा दिसतो, तो पुरा व्हायला १८७८ साल उजाडले. आरंभीचे विद्यापीठ म्हणजे परीक्षा घेणारी आणि पदव्या देणारी एक सभा होती. तिने १८५९ साली पहिली प्रवेशपरीक्षा घेतली व १८६२ साली पहिली बी. ए. ची परीक्षा घेतली. त्या पहिल्या परीक्षेतून चार तरुण पदवीधर होऊन बाहेर पडले. महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, वामन आबाजी मोडक आणि बाळ मंगेश वागळे ही त्यांची नावे. रानडे न्यायमूर्ती झाले व साऱ्या महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनाचे धुरीण ठरले. मोडक शिक्षणखात्यात नावारूपास आले. वागळ्यांनी मुंबईस वकिली केली. भांडारकरांनी मात्र आपले सारे आयुष्य विद्येला वाहिले. ज्या विद्यापीठाचे ते विद्यार्थी होते, त्याचेच ते पुढे प्राध्यापक झाले आणि अखेर कुलगुरूही झाले.

रामकृष्णपंतांचा जन्म ६ जुलै १८३७ रोजी कोकणात मालवण येथे झाला. त्यांचे वडील मामलेदार कचेरीत कारकून होते. घरची स्थिती बेताची. सरकारी नोकराच्या नशिबी असलेल्या बदल्यांबरोबर घरही हलत असे. वडिलांची नेमणूक रत्नागिरीस झाली, तेव्हा तेथील इंग्रजी शाळेत मुलाच्या शिक्षणाची सोय झाली. ही बदली झाली नसती, तर मालवणचा हा बुद्धिमान मुलगा कदाचित वडिलांप्रमाणेच एखाद्या कचेरीत फडावर बसला असता. १८५३ साली ते मुंबईस एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये दाखल झाले. कोकणातून मुंबईस येणे तेव्हा सोपे नव्हते. आगगाडी नव्हती, आणि समुद्रमार्ग पावसाळ्यात बंद असे. एल्फिन्स्टनमध्ये त्या काळी दादाभाई नौरोजी गणित शिकवीत. त्यांच्या शिकवण्याने भांडारकरांना गणिताची गोडी लागली. पुढे संस्कृताचे पंडित म्हणून ते जगभर गाजले, तरी प्रत्येक विधानाला आधार मागण्याची त्यांची सवय गणिताच्या या अभ्यासात मुरलेली होती, असे मानण्यास पुष्कळ जागा आहे.

शिक्षण संपत आले, तेव्हा त्यांना दक्षिणा फेलो ही जागा मिळाली. या नावामागे एक इतिहास आहे. पेशवाईत श्रावण महिन्यात विद्वान ब्राह्मणांना पुण्यात दक्षिणा वाटली जाई. पेशवाई गेल्यावर इंग्रज सरकारने त्या रकमेचा काही भाग नव्या शिक्षणाकडे वळविला आणि होतकरू विद्यार्थ्यांना कॉलेजात राहून अभ्यास करता यावा व थोडे शिकवता यावे म्हणून वेतने ठेवली. अशा रीतीने पेशव्यांची दक्षिणा नव्या विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधरांच्या पाठीशी उभी राहिली. भांडारकर पुण्यास डेक्कन कॉलेजात आले. शिक्षणखात्याचे प्रमुख हॉवर्ड यांची इच्छा अशी होती की, इंग्रजी शिकलेल्या तरुणांनी संस्कृताचाही कसून अभ्यास करावा. भांडारकरांनी ही सूचना मनावर घेतली. तोपर्यंत त्यांचे संस्कृत बेताचेच होते. पंचविशीच्या आसपास त्यांनी पुण्याच्या शास्त्र्यांपुढे बसून व्याकरण, न्याय आणि वेदान्त यांचे पाठ घेतले. दिवसा इंग्रजी ग्रंथ आणि इतर वेळी शास्त्रीबुवांची पाठशाळा, असा तो दुहेरी अभ्यास होता. शास्त्र्यांजवळ ग्रंथ मुखोद्गत असत, पण ग्रंथ केव्हा लिहिला गेला हा प्रश्न त्यांना पडत नसे. युरोपातील विद्वानांना हा प्रश्न नित्य पडे, परंतु शास्त्र्यांची परंपरागत खोल जाण त्यांच्यापाशी क्वचितच असे. या दोन्ही विद्या एकाच माणसाच्या ठायी एकत्र आल्या, आणि पुढील सर्व यशाचे बीज येथेच रुजले. १८६३ साली ते एम. ए. झाले.

यानंतर काही वर्षे ते मुख्याध्यापक होते. प्रथम सिंधमधील हैदराबाद येथे आणि मग रत्नागिरीस. जिथे ते इंग्रजी शिकले, त्याच गावी आता ते मुलांना शिकवू लागले. शाळेत संस्कृत शिकविताना एक अडचण त्यांच्या ध्यानी आली. जुन्या पद्धतीने शिकायचे म्हणजे प्रथम रूपे आणि सूत्रे वर्षानुवर्षे घोकायची. ज्याला रोज गणित, भूगोल आणि इंग्रजीही शिकायचे आहे, त्याला इतकी सवड कोठून मिळणार? तेव्हा त्यांनी शाळकरी मुलांसाठी संस्कृताची दोन पाठ्यपुस्तके लिहिली. थोडा नियम, लगेच त्याची उदाहरणे, मग मुलांनी स्वतः करावयाची भाषांतरे, अशी त्यांची मांडणी होती. मराठी व गुजराथी भाषांत ती मार्गोपदेशिका व मंदिरान्तःप्रवेशिका या नावांनी ओळखली गेली. रस्ता दाखविणारी पहिली आणि मंदिरात नेणारी दुसरी, ही नावे किती समर्पक आहेत! देशातील असंख्य मुलांचा संस्कृतात प्रवेश पुढे अनेक पिढ्या या पुस्तकांनीच होत राहिला. मोठ्या विद्वानाने लहान मुलांसाठी पुस्तक लिहिणे कमीपणाचे मानण्याची रीत आपल्याकडे आहे. भांडारकरांना तसे कधी वाटले नाही.

१८६९ च्या सुमारास ते मुंबईस एल्फिन्स्टन कॉलेजात संस्कृताच्या प्राध्यापकाच्या जागेवर काम पाहू लागले. मुंबईस असतानाच एका पारशी गृहस्थाने त्यांच्याकडे एक जुना ताम्रपट वाचून घेण्यासाठी आणला. त्यावरची लिपी भांडारकरांना येत नव्हती. तसे सांगून ताम्रपट परत करता आला असता. त्यांनी तो ठेवून घेतला, ग्रंथालयात जाऊन जेम्स प्रिन्सेप वगैरेंनी प्राचीन लिप्यांवर लिहिलेले लेख काढले, अक्षर अक्षर जुळवीत ती लिपी शिकून घेतली आणि ताम्रपट वाचला. आपल्या देशाचा जुना इतिहास पोथ्यांपेक्षा तांब्याच्या पत्र्यांवर आणि लेण्यांच्या भिंतींवर अधिक विश्वसनीय रीतीने लिहिलेला आहे, ही गोष्ट त्यांना या वाचनातून कळली. मग हा त्यांचा नित्याचा व्यासंगच झाला.

त्यांच्या संशोधनाची रीत कशी होती, हे एका उदाहरणावरून चांगले कळेल. पाणिनीच्या व्याकरणावर पतंजलीने महाभाष्य नावाचा मोठा ग्रंथ लिहिला. पण पतंजली केव्हा होऊन गेला? त्याने स्वतः कोठेही साल लिहिलेले नाही. व्याकरणाच्या ग्रंथात इतिहास कोठून सापडणार, असे कोणालाही वाटेल. महाभाष्यात एका ठिकाणी भूतकाळाच्या रूपाचा विचार आहे. जी घटना बोलणाऱ्याने प्रत्यक्ष पाहिली नाही, पण जी सर्व लोकांना ठाऊक आहे, आणि जी त्याच्याच हयातीत घडल्यामुळे मनात आणले असते तर त्याला पाहता आली असती, अशा घटनेसाठी क्रियापदाचे एक विशिष्ट रूप वापरावे, असा तेथे नियम आहे. त्याचे उदाहरण म्हणून पतंजली यवनाने साकेत नगराला वेढा घातल्याचा उल्लेख करतो. साकेत म्हणजे अयोध्या, आणि यवन म्हणजे ग्रीक. तेव्हा ग्रीकांची ही स्वारी पतंजलीच्या आयुष्यातच झाली असली पाहिजे. हा धागा गोल्डस्टुकर या जर्मन पंडिताने आधीच पकडला होता. भांडारकरांनी त्याला दुसरा, अधिक बळकट धागा जोडला. सुरू झालेली पण अद्याप न संपलेली क्रिया वर्तमानकाळाने सांगावी, या नियमाचे उदाहरण देताना पतंजलीने पुष्यमित्राच्या यज्ञाचा उल्लेख केलेला आहे. तो यज्ञ आपण सध्या चालवीत आहोत, अशा अर्थाचे ते वाक्य आहे. पुष्यमित्र हा मौर्यांचे राज्य घेणारा शुंग राजा. तो यज्ञ चालू असताना जो मनुष्य हे उदाहरण देतो, तो त्या राजाचा समकालीनच असणार. अशा रीतीने पतंजलीचा काळ ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकाच्या मध्याला येऊन ठरतो.

भांडारकरांनी हा लेख १८७२ साली प्रसिद्ध केला. बर्लिनचे प्राध्यापक वेबर यांना हे मत मान्य नव्हते. वेबर म्हणजे त्या काळचे संस्कृतविद्येतील दिग्गज. त्यांच्याशी वाद घालण्याचे धाडस हिंदुस्थानातील एका पस्तिशीच्या अध्यापकाने करावे, ही गोष्ट सामान्य नव्हती. वाद चालला. भांडारकरांनी आपला स्वर कोठेही चढू दिला नाही, आणि पुरावा कोठेही सोडला नाही. हा कालनिर्णय आजही बहुतेक विद्वानांना ग्राह्य वाटतो.

नेमक्या याच काळात त्यांच्यावर एक कठीण प्रसंग आला. एल्फिन्स्टन कॉलेजातील ज्या जागेचे काम ते काही वर्षे पाहत होते, ती कायम भरण्याची वेळ आली, तेव्हा सरकारने विलायतेहून पीटर पीटर्सन या गृहस्थांना आणून १८७३ साली त्या जागी नेमले. पीटर्सन भांडारकरांपेक्षा दहा वर्षांनी लहान होते. त्यांचे शिक्षण उत्तम झालेले होते. परंतु संस्कृताचा अनुभव आणि अधिकार यांत भांडारकर त्यांच्या कितीतरी पुढे होते. भांडारकरांना त्यांच्या हाताखाली साहाय्यक म्हणून काम करावे लागले. गोरा अधिकारी वर आणि देशी विद्वान खाली, हा त्या राजवटीचा नेहमीचा न्याय होता. या अन्यायाने एखादा माणूस कडवट झाला असता, एखाद्याने नोकरी सोडली असती, एखाद्याने विद्याच सोडली असती. भांडारकरांनी यांतले काही केले नाही. त्यांना अपमान जाणवला नाही असे समजणे चूक होईल. पण त्यांनी आपल्या मनाची सारी शक्ती कामावर केंद्रित केली.

त्याचे फळ लवकरच दिसले. १८७४ साली लंडनला प्राच्यविद्येच्या विद्वानांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तिचे निमंत्रण भांडारकरांना आले. त्यांना जाता आले नाही. पण त्यांनी नाशिकच्या पांडवलेण्यांतील शिलालेखांवर एक प्रबंध लिहून पाठविला. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी, त्याची माता गौतमी बलश्री, क्षत्रप नहपान आणि त्याचा दानशूर जावई उषवदात यांची नावे त्या भिंतींवर कोरलेली आहेत. महाराष्ट्रातील माणसे शतकानुशतके त्या लेण्यांखालून जात होती. ती पांडवांनी बांधली एवढीच त्यांची समजूत होती. भांडारकरांनी त्या अक्षरांचा अर्थ लावून दाखविला. यानंतर १८७६ साली त्यांनी भवभूतीच्या मालतीमाधव नाटकाची टीकेसह काळजीपूर्वक तयार केलेली आवृत्ती प्रसिद्ध केली. १८७७ साली मुंबई विद्यापीठाने डॉ. विल्सन यांच्या नावे भाषाशास्त्रावरील व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हा पहिला व्याख्याता म्हणून भांडारकरांचीच निवड झाली. संस्कृत, पाली, प्राकृत, अपभ्रंश आणि आजच्या देशी भाषा यांची एक अखंड साखळी आहे, हे त्यांनी त्या सात व्याख्यानांतून उलगडून दाखविले. हस्त या शब्दाचा प्राकृतात हत्थ झाला आणि मराठीत हात झाला; कर्माचे कम्म झाले आणि मग काम झाले; अद्य या शब्दाचे अज्ज होऊन आपला आज बनला. हे बदल मन मानेल तसे झालेले नाहीत, त्यांना नियम आहेत. घरात रोज बोलली जाणारी भाषा हाही शास्त्राचा विषय आहे, ही दृष्टी त्यामुळे आपल्याकडे आली. मराठीला अशुद्ध संस्कृत समजणाऱ्या पंडितांना तेव्हा ही दृष्टी नवीनच होती.

१८८२ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील कीलहॉर्न यांची जागा रिकामी झाली आणि ती भांडारकरांना मिळाली. ज्या कॉलेजात ते दक्षिणा फेलो होते, तेथे ते आता संस्कृताचे प्राध्यापक झाले. १८९३ साली निवृत्त होईपर्यंत ते तेथेच होते. या अकरा वर्षांत त्यांनी जे काम केले, त्याचा व्याप पाहून मन थक्क होते.

संस्कृत हस्तलिखिते शोधून विकत घेण्याची एक योजना सरकारने १८६८ पासून चालविली होती. प्रथम ब्यूलर आणि कीलहॉर्न यांनी ते काम केले. पुढे ते भांडारकर आणि पीटर्सन यांच्याकडे आले. ज्यांच्या नेमणुकीने आपल्यावर अन्याय झाला, त्या पीटर्सनांच्या बरोबरीने काम करण्यात भांडारकरांना कधी संकोच वाटला नाही. पोथ्या मिळविणे हे काम नुसत्या विद्वत्तेचे नव्हते. कित्येक घरांत पोथ्या माळ्यावर धूळ खात पडलेल्या असत, पण कोणी मागितल्या की घरच्यांना त्या एकाएकी प्राणाहून प्रिय वाटू लागत. कोणी त्या दाखविण्यास भीत, कोणी धर्म बुडेल म्हणून नकार देत, तर कोणी मजकूर न वाचताच वजनावर किंमत सांगत. वाळवी, पाऊस आणि रद्दीवाला हे पोथ्यांचे तिघे शत्रू. त्यांच्याआधी तेथे पोहोचणे भाग होते. भांडारकर गुजराथेतील जैन भांडारांपर्यंत गेले. त्यांनी पोथ्यांवर जे अहवाल लिहिले, ते केवळ याद्या नाहीत. कोणता ग्रंथ कोणी लिहिला, त्यात कोणत्या राजाचा उल्लेख आहे, त्यावरून कोणता काळ ठरतो, अशा माहितीने ते भरलेले आहेत. अशा रीतीने जमलेल्या हजारो पोथ्या डेक्कन कॉलेजात सुरक्षित ठेवण्यात आल्या.

१८८४ साली त्यांचा दक्षिणेच्या प्राचीन इतिहासावरील ग्रंथ बाहेर आला. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरसाठी तो लिहिलेला होता. अगदी जुन्या काळापासून देवगिरीच्या यादवांचे राज्य बुडेपर्यंतचा वृत्तांत त्यात आहे. सातवाहन, चालुक्य, राष्ट्रकूट, शिलाहार, यादव ही घराणी आज शाळेतील मुलांनाही ठाऊक आहेत. त्या वेळी शिवछत्रपतींच्या पूर्वी महाराष्ट्रात काय घडले, याचे सुसंगत वर्णन कोठेही मिळत नव्हते. शिलालेख, ताम्रपट, नाणी आणि पोथ्या यांचा एकमेकांशी मेळ घालून भांडारकरांनी ती पोकळी भरून काढली. त्यांतील काही निष्कर्ष, विशेषतः सातवाहनांची कालगणना, नंतरच्या संशोधकांनी बदलली. शास्त्र पुढे जाते तेव्हा असे व्हायचेच. पाया घालणाऱ्याचे श्रेय त्याने कमी होत नाही.

इतिहासकाराने न्यायाधीशासारखे असावे, असे त्यांचे मत होते. आपल्या देशाच्या अभिमानाने सर्व काही अतिप्राचीन ठरविण्याकडे आपल्या लोकांचा कल असतो, आणि सर्व काही अर्वाचीन किंवा ग्रीकांकडून घेतलेले ठरविण्याकडे काही युरोपीय पंडितांचा कल असतो. हे दोन्ही मोह सारखेच त्याज्य आहेत, असे ते मानीत आणि विद्यार्थ्यांना तसेच शिकवीत. दोन्हीकडचे लोक त्यामुळे अधूनमधून त्यांच्यावर नाराज होत.

परदेशात त्यांची कीर्ती पसरली. जर्मनीतील गॉटिंगेन विद्यापीठाने १८८५ साली त्यांना डॉक्टर ही सन्माननीय पदवी दिली. १८८६ साली व्हिएन्ना येथे भरलेल्या प्राच्यविद्या परिषदेला ते मुंबई सरकारचे प्रतिनिधी म्हणून गेले. ज्या पंडितांशी इतकी वर्षे केवळ लेखांतून गाठ पडत होती, ते आता समोरासमोर भेटले. भांडारकरांनी तेथे भागवत संप्रदाय व रामानुजाचार्यांचा पंथ यांवर निबंध वाचला.

जी सत्यनिष्ठा त्यांनी ग्रंथांत ठेवली, ती घरात ठेवणे अधिक कठीण होते. भांडारकर प्रार्थना समाजाचे आधारस्तंभ होते. एकेश्वराची उपासना, जातिभेदाचा त्याग आणि स्त्रियांची उन्नती ही त्या समाजाची तत्त्वे. तुकारामबुवांच्या अभंगांवर त्यांचे अपार प्रेम होते आणि समाजाच्या उपासनेत त्यांनी केलेली निरूपणे बहुधा त्यांच्याच आधाराने चालत. रानडे आणि मोडक या जुन्या सहाध्यायांसह त्यांनी १८८४ साली पुण्यात मुलींची माध्यमिक शाळा काढण्यात पुढाकार घेतला. पेशव्यांच्या घोड्यांची पागा जेथे होती, त्या जागेवरून ती हुजूरपागा म्हणून ओळखली जाते. विद्यापीठाच्या पहिल्या चार पदवीधरांपैकी तिघांचे हात या एका शाळेला लागले, हे विसरता येत नाही.

१८९१ साली संमतिवयाच्या कायद्यावरून महाराष्ट्रात मोठे वादळ उठले. लहान मुलींवर होणारा जुलूम थांबावा म्हणून कायद्यातील वयाची मर्यादा दहावरून बारा वर्षांवर न्यावी, असा तो प्रस्ताव होता. विरोधकांचे म्हणणे असे की, यामुळे धर्मात ढवळाढवळ होते. लोकमान्य टिळकांसारखा प्रभावी पुढारी विरोधात होता. परक्या सरकारने आमच्या चालीरीतींत हात घालू नये, असे त्यांचे मत होते. भांडारकरांनी गृह्यसूत्रे आणि स्मृती उघडल्या. प्राचीन काळी मुलींचे विवाह मोठेपणी होत, बालविवाहाची चाल नंतरची आहे, हे त्यांनी मूळ वचनांच्या आधाराने दाखवून दिले. जे शास्त्र सुधारणेच्या विरुद्ध उभे केले जात होते, तेच तिच्या बाजूने साक्ष देऊ लागले. कायदा त्याच वर्षी मार्चमध्ये संमत झाला.

पण विधवाविवाहाचा प्रश्न त्यांच्या स्वतःच्या घरात उभा होता. त्यांची एक मुलगी विधवा झाली होती. व्यासपीठावर सुधारणेची भाषा बोलणारे पुष्कळ होते. घरच्या मुलीची वेळ आली की त्यांचा धीर सुटे. रानड्यांसारख्या थोर पुरुषालाही वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून विधवेऐवजी लहान मुलीशी विवाह करावा लागला होता आणि त्याबद्दल लोकांचे बोल ऐकावे लागले होते. विधवेचा विवाह करून देणाऱ्या कुटुंबाशी नातलग पंक्तिव्यवहार सोडीत, घरातील इतर मुलांची लग्ने अडत, उपाध्याय दारी येईनासे होत. भांडारकरांना हे सारे ठाऊक होते. तरी त्याच १८९१ साली त्यांनी आपल्या मुलीचा पुनर्विवाह करून दिला. समाजाचा रोष झाला. तो त्यांनी शांतपणे सोसला.

मुंबई विद्यापीठाचे पहिले हिंदी कुलगुरू काशिनाथ त्रिंबक तेलंग हे १८९३ साली अकाली निवर्तले. त्यांच्या जागी भांडारकरांची नेमणूक झाली आणि १८९५ पर्यंत ते कुलगुरू होते. वीस वर्षांपूर्वी त्यांना एका कॉलेजातील जागेपुरतेही योग्य मानले गेले नव्हते; आता पीटर्सन ज्या विद्यापीठात शिकवीत होते, त्याची सूत्रे भांडारकरांच्या हाती होती. पुढे १९०३ साली ते व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात सभासद म्हणून गेले आणि १९११ साली त्यांना सर ही पदवी मिळाली. या मानसन्मानांनी त्यांच्या दिनक्रमात फारसा फरक पडला नाही. वैष्णव, शैव व इतर पंथांच्या इतिहासावरील त्यांचा प्रसिद्ध ग्रंथ १९१३ साली जर्मनीत छापला गेला, तेव्हा ते पंचाहत्तरी ओलांडून गेले होते. त्यांचे पुत्र देवदत्त हेही नामांकित पुराणवस्तुसंशोधक झाले आणि कलकत्ता विद्यापीठात प्राचीन इतिहासाचे प्राध्यापक म्हणून त्यांनी अनेक वर्षे काम केले.

डॉ. श्रीपाद कृष्ण बेलवलकर, डॉ. पांडुरंग दामोदर गुणे इत्यादी तरुण विद्वानांच्या मनात आले की, भांडारकरांच्या नावाने एक संशोधनसंस्था उभारावी. ६ जुलै १९१७ रोजी, त्यांच्या ऐंशीव्या वाढदिवशी, पुण्यात भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर स्थापन झाले. टाटा बंधूंच्या देणगीतून इमारत उभी राहिली. भांडारकरांनी आयुष्यभर जमविलेला आपला ग्रंथसंग्रह संस्थेला दिला. दुसऱ्या वर्षी सरकारने डेक्कन कॉलेजातील हस्तलिखितेही संस्थेच्या हवाली केली. गावोगाव फिरून जमविलेल्या त्या पोथ्या अशा रीतीने त्यांच्याच नावाच्या वास्तूत आल्या. १९१९ साली याच संस्थेत अखिल भारतीय प्राच्यविद्या परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. अध्यक्षस्थान अर्थातच भांडारकरांना देण्यात आले.

त्याच वर्षी संस्थेने एक प्रचंड कार्य अंगावर घेतले. महाभारताच्या पोथ्या काश्मीरपासून केरळपर्यंत सर्वत्र आहेत. पण एका प्रांताची पोथी दुसऱ्या प्रांताच्या पोथीशी जुळत नाही. शतकानुशतके नकला होताना कोणी श्लोक घातले, कोणी गाळले, कोणी बदलले. सर्व प्रांतांच्या जुन्या पोथ्या एकत्र आणून, ओळीस ओळ लावून, त्यांतून मुळाच्या जास्तीत जास्त जवळचा पाठ निश्चित करावयाचा, असा तो संकल्प होता. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्याला उदार साहाय्य दिले. १ एप्रिल १९१९ रोजी ब्याऐंशी वर्षांच्या उंबरठ्यावर असलेल्या भांडारकरांनी मंगलाचरणाची अक्षरे स्वहस्ते लिहून कार्याचा आरंभ केला. हे काम आपल्या डोळ्यांदेखत पुरे होणार नाही, हे त्यांना दिसतच होते.

२४ ऑगस्ट १९२५ रोजी, ऋषिपंचमीच्या दिवशी, भांडारकरांचे देहावसान झाले. त्याच वर्षी डॉ. विष्णु सीताराम सुखठणकर महाभारताचे मुख्य संपादक झाले. बर्लिनला संस्कृताचा अभ्यास करून आलेल्या या विद्वानाने पोथ्या पारखण्याची काटेकोर पद्धत घालून दिली आणि १९४३ साली मृत्यू येईपर्यंत त्या कामाचा ध्यास सोडला नाही. त्यांच्यानंतर बेलवलकरांनी आणि मग डॉ. परशुराम लक्ष्मण वैद्य यांनी ती धुरा वाहिली. एकंदर १,२५९ पोथ्या तपासल्या गेल्या आणि मूळ ग्रंथाचे १९ खंड तयार झाले. २२ सप्टेंबर १९६६ रोजी राष्ट्रपती डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांनी पुण्यास येऊन ते कार्य पुरे झाल्याचे जाहीर केले. भांडारकरांनी पहिली अक्षरे लिहिल्याला तेव्हा ४७ वर्षे झाली होती.